कपाळामागचं शहाणपण

पाहुणे दारात आणि गॅस संपलेला! अशा वेळी आपण ठरलेला बेत बदलतो आणि वेळ निभावून नेतो. हे शहाणपण मेंदूत कुठं असतं, याचा एक मोठा धागा मिळाला तो अमेरिकेतल्या फिनिआस गेज या मुकादमामुळे.

१८२३ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला गेज कामाला चोख होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँटमधल्या कॅव्हेंडिशजवळ रेल्वेसाठी खडक फोडणं चालू होतं. भोकात दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. तेव्हा तो अवघा २५ वर्षांचा. पण थोड्याच वेळात तो बोलू लागला, बैलगाडीत बसून मुक्कामी आला! डॉ. जॉन हार्लो यांनी त्याला वाचवलं. डाव्या डोळ्याची नजर मात्र गेली.

जखम भरली, पण माणूस बदलला. बोलणं-चालणं, आठवण ठीक; पण स्वभाव धरसोडीचा झाला. एक बेत आखायचा, तो टाकून दुसरा धरायचा. तोंडी शिव्या. मालकांनी पुन्हा मुकादमी दिली नाही. कपाळामागचा मेंदू दुखावला होता ना!

बहुतेक जण गोष्ट इथंच संपवतात. पण १८५२ मध्ये गेज दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला आणि तिथं काही वर्षं सहा घोड्यांची गाडी हाकली. परका मुलूख, परकी भाषा, रस्त्यात पुढं काय येईल सांगता येत नाही. क्षणाक्षणाला निर्णय! म्हणूनच तो बराच सावरला होता, रोजच्या बांधलेल्या कामानं त्याला आधार दिला असावा, असं आज काही अभ्यासकांना वाटतं.

तब्येत ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. फिट्स येऊ लागल्या आणि २१ मे १८६० रोजी तो गेला. पुढं आई हॅना यांनी काळजावर दगड ठेवून लेकाची कवटी अभ्यासासाठी देऊ केली. १९९४ मध्ये हॅना डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कवटीवरून, संगणकाच्या मदतीनं पहारीचा मार्ग शोधला. भावना आणि निर्णय यांची सांगड कपाळामागे घातली जाते, या विचाराला त्यामुळं बळ मिळालं.

घरात कुणाच्या डोक्याला मार लागल्यावर स्वभाव बदलला, तर तो मुद्दाम करतोय असं म्हणण्याआधी गेजला आठवा. डॉक्टरांना त्या बदलाबद्दल मोकळेपणानं सांगा. आणि झेपेल तसं रोजचं एखादं काम त्याच्या हाती द्या. माणूस सावरू शकतो.