ताऱ्यांचे ‘वॅट’ ओळखणाऱ्या लेविटबाई

मैत्रिणींनो, रात्री दूरवर एखादा दिवा मिणमिणताना दिसतो. तो लांब आहे म्हणून मिणमिणतो, की मुळातच कमी वॅटचा आहे? नुसतं बघून सांगता येत नाही. वॅट कळले, तरच अंतर काढता येतं. ताऱ्यांचे ‘वॅट’ ओळखायची युक्ती ज्यांनी शोधली, त्या हेन्रिएटा लेविट यांच्याविषयी आज मला सांगायचंय.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. पदवीनंतर त्या हार्वर्डच्या वेधशाळेत आधी बिनपगारी राबल्या, पुढे तासाला ३० सेंटवर. ऐकू येणं कमी होत गेलं, पण नजर तीक्ष्ण! दुर्बिणीवर पुरुष बसायचे. काचेवरचे आकाशाचे फोटो तपासण्याचं किचकट काम बायकांकडे.

काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात, मंदावतात. असे सुमारे २४०० तारे लेविटबाईंनी हुडकले. त्यातले २५ एकाच दीर्घिकेतले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरचे. १९१२ साली त्यांनी दाखवून दिलं, की तारा जितका तेजस्वी, तितकी त्याची उघडझाप संथ. झालं! दिवस मोजा, खरं तेज कळेल, त्यावरून अंतर. तो निबंध मात्र संचालक पिकरिंग यांच्या सहीने निघाला. तो बाईंनी तयार केलाय, एवढी नोंद त्यात होती.

१९२१ साली कर्करोगाने त्या गेल्या, अवघ्या ५३ वर्षांच्या. पुढे त्यांचीच पट्टी घेऊन हबल यांनी दीर्घिकांची अंतरं मोजली आणि १९२९ साली विश्व प्रसरण पावतंय, याचा पुरावा मांडला. आणखी दूरचं मोजायला शास्त्रज्ञ ताऱ्यांचे महास्फोट, म्हणजे सुपरनोव्हा, वापरतात. पण सुपरनोव्हाचं खरं तेज ठरवायलाही लेविटबाईंचे तारे वापरतात. १९९८ साली सुपरनोव्हांवरून कळलं, की प्रसरणाचा वेग वाढतोय. त्याला २०११ चं नोबेल मिळालं.

१९२५ मध्ये एका स्वीडिश गणितज्ञाच्या मनात नोबेलसाठी बाईंचं नाव सुचवायचं होतं. तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं उलटली होती, आणि नोबेल हयात माणसालाच देतात. मला याचीच फार हळहळ वाटते. मुलांना हबल यांचं नाव शिकवाल, तेव्हा लेविटबाईंचंही आवर्जून सांगा.