नादारी नाकारणारा कादंबरीकार

सर वॉल्टर स्कॉट म्हटले की आर्ट्सच्या मित्रांना ‘आयव्हॅन्हो’ आठवते. आम्हा कॉमर्सवाल्यांनी मात्र त्यांचा हिशेब पाहावा.

1771 साली एडिंबरोत जन्मलेले स्कॉट पेशाने वकील. 1814 मध्ये ‘वेव्हर्ली’ निनावी छापली आणि पुढे कादंबऱ्यांवर अमाप पैसा मिळविला, ॲबट्सफर्डला वाडा बांधला. पण लेखक कोण हे जसे गुपित, तसेच बॅलंटाइनच्या छापखान्यातील त्यांची भागीदारीही! हा छापखाना व प्रकाशक कॉन्स्टेबल एकमेकांच्या हुंड्यांवर सह्या करून पैसा उचलीत. 1826 च्या जानेवारीत दोघेही बुडाले. भागीदाराची अमर्याद जबाबदारी आपण पुस्तकात वाचतो. स्कॉटच्या डोक्यावर सुमारे 1,20,000 पौंड आले.

नादारी घेऊन मोकळे होता आले असते. त्यांनी मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन केली, मुदत मागितली आणि लिहायला बसले. मे महिन्यात पत्नी वारली, तरी लेखणी थांबली नाही. 1827 मध्ये नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र बाहेर पडले. अखेरच्या कादंबऱ्या उतरत्या आहेत, हे कबूल. पण अर्धांगाचे झटके सोसून त्या लिहिल्या होत्या.

21 सप्टेंबर 1832 रोजी ते वारले, तेव्हा निम्म्याहून अधिक कर्ज फिटले होते. उरलेले 1847 साली, पुस्तकांच्या हक्कांच्या मोबदल्यात, फिटले.