शरीराचे पहारेकरी

मुलांनो, अनवाणी चालताना पायात काटा रुतला आणि तो तसाच आत राहिला, तर काय होते? दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते. तेथे सूज येते. ठणका लागतो. दोन-तीन दिवसांनी तेथे पिवळसर पू दिसू लागतो. आपण म्हणतो, काटा पिकला. पण हा पू म्हणजे नेमके काय? ही सूज का येते? एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही याचे बरोबर उत्तर ठाऊक नव्हते. ते उत्तर ज्याने शोधले, तो माणूस डॉक्टर नव्हता. तो समुद्रातील लहान लहान प्राण्यांचा अभ्यास करणारा एक शिक्षक होता. त्यांचे नाव इल्या मेचनिकॉफ.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होता. आज तो युक्रेन देशात आहे. त्यांचे वडील लष्करात अधिकारी होते. लहानग्या इल्याला मात्र फौजेपेक्षा झाडे, किडे आणि प्राणी यांची आवड होती. त्याची बुद्धी तल्लख होती. खारकोव्हच्या विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पूर्ण केला. पुढे जर्मनी आणि इटली या देशांत जाऊन त्याने सागरी प्राण्यांचा अभ्यास केला. ऐन तारुण्यातच मेचनिकॉफ ओडेसा येथील विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवू लागले.

त्यांचे आयुष्य सुखाचे नव्हते. १८६९ मध्ये ल्युदमिला नावाच्या तरुणीशी त्यांचे लग्न झाले. तिला क्षयरोगाने घेरले होते. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवा बदलली की तिला बरे वाटेल, या आशेने मेचनिकॉफ यांनी तिला उबदार प्रदेशांत नेले. पुष्कळ इलाज केले. परंतु १८७३ मध्ये मदेइरा बेटावर तिचे निधन झाले. मेचनिकॉफ दुःखात बुडून गेले. त्यांचे डोळेही दुखत असत. सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहणे त्यांना अवघड झाले होते. पुढे १८७५ मध्ये त्यांचे ओल्गा यांच्याशी लग्न झाले. ओल्गा यांनी त्यांना त्यांच्या कामात आयुष्यभर साथ दिली.

त्या काळी साथीचे रोग गावेच्या गावे उद्ध्वस्त करीत. तरीही एक गोष्ट सर्वांना दिसत असे. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाला रोग होतो आणि दुसरा निरोगी राहतो. असे का होते? रोगाला तोंड देण्याच्या या ताकदीला मराठीत रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. उर्दूत आपण तिला कुव्वत-ए-मुदाफिअत म्हणतो. ही शक्ती शरीरात कोठे असते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

१८८१ मध्ये रशियाच्या बादशहाची हत्या झाली. त्यानंतर विद्यापीठांवर सरकारची करडी नजर पडली. शिकवणे आणि संशोधन करणे कठीण होऊन बसले. १८८२ मध्ये मेचनिकॉफ यांनी आपली नोकरी सोडली. पत्नी आणि तिची धाकटी भावंडे यांना घेऊन ते इटलीतील सिसिली बेटावर गेले. तेथे मेसिना या गावी समुद्राकाठी ते राहिले. राहत्या घराच्या बैठकीच्या खोलीतच त्यांनी आपली छोटीशी प्रयोगशाळा थाटली.

एके दिवशी गावात सर्कस आली. घरातील सारी मंडळी माकडांचे खेळ पाहायला गेली. मेचनिकॉफ मात्र घरीच थांबले. ते सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची पिल्ले पाहत होते. ही पिल्ले फार लहान आणि काचेसारखी पारदर्शक असतात. त्यामुळे त्यांच्या शरीराच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून दिसते. त्यांच्या अंगात काही पेशी इकडेतिकडे फिरत होत्या. पेशी म्हणजे उर्दूतील खलिया. या फिरत्या पेशी आपला आकार बदलत आणि वाटेत भेटलेले कण गिळून टाकीत. ते पाहता पाहता मेचनिकॉफ यांच्या मनात एक विचार चमकून गेला. या पेशी केवळ अन्न गिळत नसतील. बाहेरून शिरलेल्या दुश्मनापासून शरीराचे रक्षण करण्याचे कामही त्याच करीत असतील!

त्यांना एका जागी बसवेना. ते खोलीत येरझारा घालू लागले. मग समुद्रकिनाऱ्यावर जाऊन फिरले. आपला विचार खरा आहे की खोटा, हे कसे ठरवायचे? काटा रुतला की माणसाच्या पायात पू होतो, हे त्यांना आठवले. त्यांनी घराच्या बागेतून गुलाबाचे काही काटे आणले आणि ते तारामाशाच्या पिल्लांच्या पारदर्शक अंगात हळूच टोचले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फिरत्या पेशींनी काट्याला चहूबाजूंनी वेढा घातला होता. एखाद्या गावात चोर शिरावा आणि साऱ्या गल्ल्यांतून पहारेकरी धावून यावेत, तसे ते दृश्य होते.

माणसाच्या रक्तातही अशाच फिरणाऱ्या पेशी असतात. त्या म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी. जखमेच्या जागी त्या मोठ्या संख्येने गोळा होतात, हे डॉक्टरांना माहीत होते. पुवामध्येही त्या दिसत. त्यांच्या पोटात रोगजंतूही सापडत. परंतु बहुतेक डॉक्टरांनी याचा अर्थ उलटाच लावला होता. या पेशी जंतूंना उचलून शरीरभर पसरवतात, असे त्यांना वाटे. म्हणजे जो पहारेकरी चोराला पकडून उभा होता, त्यालाच लोक चोराचा साथीदार समजत होते. मेचनिकॉफ यांनी सांगितले, की या पेशी जंतूंना गिळून पचवतात. सूज आणि पू ही शरीर लढत असल्याची खूण आहे.

जर्मनीचे नामवंत शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखो हे त्या सुमारास मेसिनाला आले होते. त्यांनी हे प्रयोग पाहिले आणि मेचनिकॉफ यांना उत्तेजन दिले. पण विद्वानांचे मत याच्या अगदी विरुद्ध आहे, तेव्हा जपून पुढे जा, असा सल्लाही दिला. १८८३ मध्ये मेचनिकॉफ यांनी आपला विचार जगापुढे मांडला. जंतूंना खाणाऱ्या या पेशींना फॅगोसाइट हे ग्रीक भाषेवरून बनवलेले नाव मिळाले. मराठीत त्यांना भक्षकपेशी म्हणतात.

नुसते म्हणणे मांडून भागत नाही. पुरावा द्यावा लागतो. मेचनिकॉफ यांनी डबक्यातल्या पाण्यात राहणाऱ्या पाणपिसवा नावाच्या इवल्याशा जीवावर प्रयोग केले. या जीवाला एका बुरशीपासून रोग होतो. बुरशीचे सुईसारखे टोकदार बीजाणू त्याच्या आतड्यातून आरपार अंगात घुसतात. ते घुसताच भक्षकपेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पेशींनी सारे बीजाणू संपवले, तर तो जीव वाचतो. बुरशी पेशींपेक्षा वेगाने वाढली, तर तो मरतो. रोग म्हणजे दोन फौजांमधील लढाई आहे, हे मेचनिकॉफ यांनी १८८४ मध्ये असे दाखवून दिले.

तरीही विरोध थांबला नाही. ओडेसा येथे १८८६ मध्ये लस टोचण्याचे केंद्र सुरू झाले आणि मेचनिकॉफ त्याचे प्रमुख झाले. पण ते डॉक्टर नाहीत, म्हणून तेथील डॉक्टर त्यांच्या कामात खोड काढीत. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांनीही त्यांच्या प्रयोगांकडे फारसे लक्ष दिले नाही. अखेर पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. १८८८ मध्ये मेचनिकॉफ पॅरिसला गेले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले.

इकडे जर्मनीत वेगळेच काम चालले होते. पॉल अर्लिख नावाच्या तरुण डॉक्टरांना रंगांचा मोठा नाद होता. कापड रंगवण्याचे नवे रंग तेव्हा नुकतेच तयार होऊ लागले होते. अर्लिख यांनी रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरवला, वाळवला आणि त्यावर हे रंग टाकून पाहिले. पांढऱ्या पेशी पूर्वी सर्व सारख्याच वाटत. आता त्यांच्यात भेद दिसू लागला. काही पेशींतील कणांनी इओसिन हा लाल रंग घेतला. त्या पेशींना इओसिनोफिल हे नाव मिळाले. काही पेशींतील कण गडद निळे झाले. त्या झाल्या बेसोफिल. काहींनी दोन्ही रंगांच्या मिश्रणाने फिकट छटा घेतली. त्या न्यूट्रोफिल. ज्यांच्यात असे ठळक कण नसतात, अशाही पेशी असतात. त्यांपैकी लिम्फोसाइटमध्ये गोल आणि मोठे केंद्रक दिसते. मोनोसाइट सर्वांत मोठी असते आणि तिचे केंद्रक मूत्रपिंडासारखे किंवा घोड्याच्या नालासारखे वाकलेले असते. अर्लिख यांनी हे काम १८७९ च्या सुमारास सुरू केले. आजही रक्त तपासताना प्रयोगशाळेत पेशी अशाच रंगवून ओळखतात.

अर्लिख आणि त्यांचे सहकारी मात्र मेचनिकॉफ यांच्या विरुद्ध पक्षात होते. १८९० मध्ये एमिल बेहरिंग आणि जपानचे किटासाटो यांनी दाखवून दिले, की रोगाला तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तातील द्रवात रोगाचे विष मारणारी द्रव्ये असतात. आज त्यांना आपण प्रतिपिंडे म्हणतो. मग खरा रक्षक कोण, पेशी की रक्तातील द्रव? या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद झाला. परिषदांमध्ये दोन्ही बाजू एकमेकांवर कडाडून टीका करीत. मेचनिकॉफ भाषणासाठी उभे राहिले, की त्यांचा चेहरा लाल होई. एकही आक्षेप ते उत्तर दिल्याशिवाय सोडत नसत. प्रत्येक आक्षेपासाठी ते नवा प्रयोग करीत.

पुढे कोण जिंकले? दोघेही जिंकले. १९०३ मध्ये लंडनमध्ये आल्मरोथ राइट आणि त्यांचे सहकारी डग्लस यांना असे आढळले, की रक्तातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि मग भक्षकपेशी त्या जंतूंना सहज गिळतात. म्हणजे द्रव आणि पेशी एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हते, मदतनीस होते. १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि अर्लिख या दोघांना मिळून देण्यात आले. वाद घालणाऱ्या दोन पक्षांचा असा एकत्र गौरव झाला.

आज आपल्याला पुष्कळ अधिक माहिती आहे. न्यूट्रोफिल पेशी जखमेकडे सर्वांत आधी धावतात, जंतूंना गिळतात आणि स्वतः मरतात. पुवामध्ये मुख्यतः याच शहीद पेशी असतात. मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून मोठ्या भक्षकपेशी बनतात. इओसिनोफिल जंतासारख्या परोपजीवींशी लढतात. बेसोफिल संख्येने सर्वांत थोड्या असतात आणि सूज आणणारी द्रव्ये सोडतात. लिम्फोसाइट दुश्मनाला ओळखून लक्षात ठेवतात. त्यांच्यापैकी काही पेशी प्रतिपिंडे तयार करतात. म्हणजे ज्या द्रव्यांवरून एवढा वाद झाला, तीही शेवटी पांढऱ्या पेशींपासूनच येतात! लस टोचल्याने याच पेशींना रोगजंतूंची आधीच ओळख होते.

लसीवरून आठवले. मेचनिकॉफ यांचे एक विद्यार्थी आपल्या मुंबईत आले होते. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली, तेव्हा त्यांनी येथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मेचनिकॉफ यांचे सगळेच विचार खरे ठरले असे नाही. मोठे आतडे निरुपयोगी आहे आणि तेथील जंतूंमुळे म्हातारपण लवकर येते, असे त्यांना वाटे. म्हणून ते रोज आंबवलेले दूध पीत आणि लोकांनाही तसे सांगत. त्यामुळे म्हातारपण टळत नाही. आतड्यातील उपयोगी जंतूंचा अभ्यास मात्र त्यानंतर वाढत गेला. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आल्या.

मुलांनो, मेचनिकॉफ यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. एक सूक्ष्मदर्शक, समुद्रातील काही पिल्ले आणि गुलाबाचे काटे एवढेच त्यांचे साहित्य होते. इतरांना जे दिसत होते, तेच त्यांनाही दिसले. पण जिला सारे जण दोषी मानत होते, त्या पेशीला त्यांनी दोषी ठरवण्याची घाई केली नाही. आधी प्रयोग केला आणि मगच निर्णय दिला. पुढच्या वेळी पायात काटा रुतला, तर तो स्वच्छ सुईने काढा, जखम साबणाने धुवा आणि सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा. आणि ती जागा लाल होऊन ठणकू लागली, की आठवण ठेवा, तेथे आपले पहारेकरी आपल्यासाठी प्राण देत आहेत.