तीच सुरावट, दुसऱ्यांदा

आपल्याकडचा रसिक तुलना करण्यात तरबेज असतो. मारवा ऐकावा तो अमीर खाँसाहेबांचा की वसंतराव देशपांड्यांचा, यावर रात्र जागवणारी माणसे महाराष्ट्रात कुठेही भेटतील. राग एकच असला तरी प्रत्येक गवई तो आपल्या परीने मांडतो, त्यामुळे हा वाद आपल्याला स्वाभाविक वाटतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र रचनाकाराने जवळजवळ प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवलेला असतो. मग एकाच रचनेच्या दहा-दहा ध्वनिमुद्रिका घरात जमवणारे शौकीन तुलना करतात तरी कशाची?

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते. त्याने एकच रचना एकाच स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली. पहिल्या वेळी तो २२ वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी ४८ वर्षांचा. त्याचे नाव ग्लेन गूल्ड.

कॅनडातील टोरांटो शहरात २५ सप्टेंबर १९३२ रोजी गूल्डचा जन्म झाला. वडिलांचा लोकरी कातड्यांचा, म्हणजे फरचा व्यापार होता, आई संगीत शिकवत असे. एकुलत्या एका मुलाला पहिली दहा वर्षे तिनेच पियानो शिकवला. पुढे तो मूळच्या चिली देशातल्या आल्बेर्तो गेरेरो यांच्याकडे शिकू लागला. गेरेरो खाली बसून, बोटे पट्ट्यांच्या अगदी जवळ ठेवून वाजवायला शिकवत. शिष्याने हे इतके मनावर घेतले की १९५३ साली वडिलांनी त्याच्यासाठी एका साध्या घडीच्या खुर्चीचे पाय कापून ती जमिनीपासून जेमतेम १४ इंचांवर आणली. ही खुर्ची त्याने जन्मभर सोडली नाही. बैठकीची गादी झिजून गेली, उरला तो नुसता लाकडी सांगाडा. गूल्ड त्यावर बसून वाजवत राहिला. अनेक ध्वनिमुद्रिकांत तिची करकर ऐकू येते आणि तिच्या जोडीला वाजवता वाजवता त्याचे स्वतःचे गुणगुणणेही.

जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याची पहिली मैफल झाली. श्रोते फार नव्हते, पण त्यांत कोलंबिया रेकॉर्ड्सचा एक अधिकारी होता. दुसऱ्याच दिवशी कंपनीने कराराची तयारी दाखवली. पहिल्या तबकडीसाठी गूल्डने जी रचना निवडली, तिने मात्र कंपनीची मंडळी बुचकळ्यात पडली. ती होती योहान सेबास्टियन बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’.

ही रचना १७४१ मध्ये छापली गेली. ती हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वज वाद्यासाठी लिहिलेली. सुरुवातीला ३२ मापांची एक संथ, साधी सुरावट येते. तिला आरिया म्हणतात. मग तिच्या तळाशी चालणाऱ्या खर्जाच्या स्वरांवर एकामागून एक ३० रूपे उभी राहतात. कुठे नाचाचा ठेका, कुठे बोटांची कसरत, तर दर तिसऱ्या रूपात एक सूर पुढे जातो आणि तोच सूर थोड्या अंतराने त्याच्या मागून येतो. शेवटी मूळ आरिया जशीच्या तशी परत येते. निद्रानाश जडलेल्या एका सरदारासाठी बाखने हे लिहिले अशी आख्यायिका आहे, पण अभ्यासक ती फारशी मानत नाहीत. १९५५ साली ही रचना जाणकारांच्या आवडीची समजली जाई. वांदा लांडोव्स्का या थोर कलावतीने ती हार्प्सिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केली होती. नवशिक्या तरुणाने पियानोवर ती वाजवून तबकड्या खपतील, असे कुणालाही वाटले नव्हते.

जून महिन्याच्या उकाड्यात गूल्ड स्टुडिओत आला तो ओव्हरकोट, मफलर आणि हातमोजे घालून. सोबत टॉवेल, औषधांच्या बाटल्या, पिण्याचे वेगळे पाणी आणि ती खुर्ची. वाजवण्यापूर्वी तो बराच वेळ कढत पाण्यात हात बुडवून बसे. जानेवारी १९५६ मध्ये तबकडी बाहेर आली आणि हा विक्षिप्त मुलगा जगप्रसिद्ध झाला. सुमारे साडेअडतीस मिनिटांचे हे वादन आजही ऐकताना श्वास रोखला जातो. लय भन्नाट द्रुत, तरीही एकेक स्वर मोत्यासारखा सुटा. बाख म्हणजे काहीतरी धीरगंभीर आणि कंटाळवाणे, हा समज या एका तबकडीने कितीतरी घरांतून घालवला.

पुढची नऊ वर्षे मैफलींची. १९५७ साली मॉस्कोत त्याच्या कार्यक्रमाला सुरुवातीस सभागृह बरेचसे रिकामे होते. मध्यंतरात लोकांनी धावत जाऊन मित्रांना फोन केले आणि उत्तरार्धाला सभागृह भरून गेले. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये वेगळाच प्रसंग घडला. ब्राम्सच्या पहिल्या पियानो कन्चेर्टोची लय किती संथ असावी, यावर गूल्ड आणि संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांचे जमेना. अखेर बर्नस्टाइन यांनी मंचावरूनच श्रोत्यांना आपला मतभेद सांगितला आणि मग गूल्डच्या लयीतच वाद्यवृंद चालवला. कागदावरचे स्वर दोघांनाही मान्य होते. वाद होता तो लयीचा, वजनाचा, दोन स्वरांमधल्या थांबण्याचा. शौकीन तुलना करतात ती याच गोष्टींची.

गूल्डला मैफल मुळात आवडत नसे. श्रोत्यांची गर्दी त्याला बैलझुंज पाहायला जमलेल्या जमावासारखी वाटे, कलावंत कधी चुकतो याची वाट पाहणारी. एप्रिल १९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याने शेवटची मैफल केली. तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता. कीर्तीच्या शिखरावर असताना त्याने मंच सोडला तो कायमचा.

त्यानंतर त्याचे घर म्हणजे स्टुडिओ. बाखची एक फ्यूग वाजवताना दोन वेगवेगळ्या प्रयत्नांच्या फिती कापून जोडल्या तर दोहोंहून चांगले वादन तयार होते, हे त्याने उघडपणे लिहिले. अनेकांना ही फसवणूक वाटली. गूल्डला ती प्रामाणिक कारागिरी वाटे. एक दिवस घरी बसलेला श्रोताही अशी निवड आणि जोडणी करील, असे त्याचे भाकीत होते. त्याचे सगळेच प्रयोग रुचले असे नाही. बेथोव्हेनची ‘अपासिओनाता’ त्याने इतकी संथ वाजवली की पुष्कळांना ती थट्टा वाटली.

१९७७ साली ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात निघाली तेव्हा त्यांवरच्या सोनेरी तबकडीत गूल्डने वाजवलेला बाख होता. त्याच तबकडीत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. मैफलीचे ध्वनिमुद्रण होऊ नये म्हणून कमालीच्या दक्ष असलेल्या केसरबाई आणि ध्वनिमुद्रणासाठी मैफल सोडून बसलेला गूल्ड हे दोघे आज सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्या पलीकडे एकत्र प्रवास करीत आहेत.

पृथ्वीवरचे त्याचे दिवस मात्र एकाकी होते. लग्न नाही, रात्रभर जागरण, मित्रांशी तासन्‌तास फोन आणि औषधांचा मारा. १९७५ साली आई गेली. पुढे काही काळ हातांनीही दगा दिला. आणि मग १९८१ च्या वसंतात तो पुन्हा त्याच स्टुडिओत, त्याच खुर्चीवर, त्याच रचनेसाठी बसला. पियानो नवा होता आणि ध्वनिमुद्रण डिजिटल.

हे दुसरे वादन सुमारे ५१ मिनिटांचे आहे. हा सगळा फरक लयीचा नाही. पहिल्या खेपेस गूल्डने कोणताही भाग पुन्हा वाजवला नव्हता, या खेपेस काही रूपांचे पूर्वार्ध दोनदा वाजवले. पण नुसती आरिया ऐकली तरी कळते. १९५५ मध्ये ती दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ मध्ये तीन मिनिटांहून थोडी अधिक चालते. स्वर तेच, पण प्रत्येक स्वर ठेवण्यापूर्वी हात जणू विचार करतो. पहिल्या वादनात रूपे एकमेकांपासून सुटी आहेत, दुसऱ्यात एक नाडी सगळ्यांतून धावते.

एका ठिकाणी मात्र उलटे घडते. पंचविसावे रूप या रचनेतले सर्वांत आर्त रूप. तरुण गूल्डने ते साडेसहा मिनिटे वाजवले, प्रौढ गूल्डने सुमारे सहा. जुन्या वादनातला तो भाग त्याला पुढे फार भावविवश वाटू लागला होता. इथे श्रोत्याने कलावंताचे ऐकलेच पाहिजे असे नाही. मला तरी तिथे तो बावीस वर्षांचा मुलगाच जवळचा वाटतो. आरिया मात्र १९८१ चीच, विशेषतः शेवटी परतून येणारी.

सप्टेंबर १९८२ मध्ये ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. पन्नासाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी गूल्डला पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबरला तो गेला. मिळकतीचा मोठा वाटा त्याने साल्व्हेशन आर्मी आणि टोरांटोच्या प्राणिदया संस्थेला ठेवला होता.

त्याचे भाकीत काहीसे खरे ठरले. १९५५ च्या ध्वनिमुद्रणातील सारे प्रयत्न २०१७ मध्ये आणि १९८१ चे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. फसलेले, टाकून दिलेले, सगळे. आता कुणालाही निवड करून पाहता येते. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी एखाद्या निवांत रविवारी फक्त दोन्ही आरिया लागोपाठ ऐकाव्यात. जेमतेम पाच मिनिटे लागतात. टोरांटोच्या माउंट प्लेझंट दफनभूमीत गूल्डच्या थडग्यावरच्या दगडात त्याच आरियाची पहिली काही मापे कोरलेली आहेत. ती कोणत्या लयीत वाचायची, हे दगडावर लिहिलेले नाही.