राष्ट्राध्यक्षांची पाठ

जॉन केनेडी हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर उभे राहते ते एक तरणेबांड, हसतमुख व्यक्तिमत्त्व. वयाच्या ४३ व्या वर्षी ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. निवडणूक जिंकून त्या पदावर आलेले ते सर्वांत तरुण गृहस्थ. शिडाच्या बोटीत बसलेले, मुलांबरोबर हसणारे केनेडी जगाने छायाचित्रांत पाहिले. पण याच माणसाला सकाळी डाव्या पायात मोजा चढवणे अवघड जात असे आणि समारंभ संपून दार मिटले की कुबड्या हाती घ्याव्या लागत, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ चा, मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइनचा. घरची गडगंज श्रीमंती, पण प्रकृती पहिल्यापासून तोळामासा. हार्वर्डला शिकत असताना फुटबॉलच्या मैदानावर पाठ दुखावली, असे सांगितले जाते. पुढे पाठ आणि पोट या दोन दुखण्यांपायी सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत ते नापास झाले. अखेर वडिलांच्या ओळखींमुळे १९४१ मध्ये त्यांना नौदलात प्रवेश मिळाला.

२ ऑगस्ट १९४३ च्या मध्यरात्रीनंतर सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेने त्यांच्या पीटी-१०९ या बोटीचे दोन तुकडे केले. दोघे खलाशी गेले, अकरा जण वाचले. एका भाजलेल्या सहकाऱ्याच्या जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी कित्येक तास पोहत राहिले आणि त्याला बेटावर घेऊन गेले. या पराक्रमाने त्यांना कीर्ती दिली, पण आधीच दुबळ्या असलेल्या पाठीचे हाल वाढले.

चार शस्त्रक्रिया

१९४४ मध्ये पाठीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. आराम पडला नाही. १९४७ मध्ये अ‍ॅडिसन्स हा ग्रंथींचा गंभीर विकार असल्याचे निदान झाले. या विकारात शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ. तरीही १९५४ च्या सुमारास वेदना इतक्या असह्य झाल्या, की सिनेटर केनेडी कुबड्यांवर सभागृहात येऊ लागले. धोका पत्करून त्यांनी २१ ऑक्टोबर १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मणक्यांत धातूची पट्टी बसवली गेली. जंतुसंसर्ग झाला, शुद्ध हरपली, धर्मगुरूंना अंतिम संस्कारासाठी बोलावण्याची वेळ आली. फेब्रुवारी १९५५ मध्ये ती पट्टी पुन्हा काढावी लागली. १९५७ मध्ये चौथी शस्त्रक्रिया झाली.

पैसा, ओळखी, नामांकित शल्यविशारद, सारे हाताशी होते. उतार मात्र नव्हता.

१९५५ मध्ये त्यांना डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल भेटल्या. दुखऱ्या स्नायूंत बधिर करणारे औषध टोचणे ही त्यांची पद्धत. डावा पाय किंचित आखूड असल्याचे हेरून त्यांनी बुटाला उंची दिली, झुलती खुर्ची वापरायला लावली. ती खुर्ची पुढे केनेडींची ओळखच बनली. पण टोचण्यांचा दिलासा काही काळापुरता असे. मे १९६१ मध्ये कॅनडातील ओटावा येथे वृक्षारोपण करताना फावड्यावर वाकले आणि पाठीत कळ आली. जूनमध्ये व्हिएन्नात क्रुश्चेव्ह यांच्यासमोर बसले तेव्हाही वेदना सोबत होतीच.

व्यायामशाळेतला डॉक्टर

ऑक्टोबर १९६१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये आले डॉ. हान्स क्राउस. जन्म त्रिएस्तचा, शिक्षण व्हिएन्नात, छंद गिर्यारोहणाचा. न्यूयॉर्कमध्ये पाठदुखीच्या रुग्णांची पद्धतशीर तपासणी करताना त्यांच्या लक्षात आले होते, की बहुतेकांच्या मणक्यांत बिघाड सापडतच नाही. दुबळे आणि आखडलेले असतात ते स्नायू. डॉ. सोन्या वेबर यांच्यासह त्यांनी पोट, पाठ आणि मांड्यांची ताकद व लवचिकता पाहणाऱ्या सहा सोप्या चाचण्या बसवल्या. याच चाचण्यांत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले नापास झाली, तर युरोपातील दहा टक्क्यांहून कमी. या निष्कर्षाने त्या देशात खळबळ उडाली होती.

राष्ट्राध्यक्ष या परीक्षेत सपशेल नापास झाले. पोटाचे स्नायू इतके दुबळे, की उताणे झोपून एकदाही नीट उठून बसता येईना. मांड्यांमागचे स्नायू तारेसारखे ताठ. क्राउस यांनी आठवड्यातून तीन दिवस व्यायाम ठरवून दिला. आधी शेक आणि मालीश, मग अंग सैल सोडणे, मग हलके ताण, आणि ताकद वाढवणारे व्यायाम सर्वांत शेवटी. त्याच नोव्हेंबरमध्ये पंडित नेहरू अमेरिकेत पाहुणे म्हणून गेले, तेव्हा हा नेम नुकताच सुरू झालेला होता. काही महिन्यांत फरक दिसू लागला. टोचण्यांची गरज कमी झाली, हालचाली मोकळ्या झाल्या. चार शस्त्रक्रियांना जे जमले नाही, ते संथ, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कसरतींनी बऱ्याच अंशी साधले.

कमरेचा ताठ पट्टा मात्र सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्येही तो बांधलेला होता. पहिल्या गोळीनंतर या पट्ट्यामुळेच त्यांना खाली वाकता आले नसावे, असा तर्क अनेकांनी मांडला. तो कधीच सिद्ध होणार नाही. वयाच्या ४६ व्या वर्षी ही कहाणी संपली आणि दुखण्याचा सविस्तर तपशील जगापुढे आला तो २००२ मध्ये, वैद्यकीय कागदपत्रे अभ्यासकांना पाहता आली तेव्हा.

संशोधनाचा कौल

एका रुग्णाच्या अनुभवावरून शास्त्र बनत नाही. त्यासाठी अनेक रुग्णांचे गट करून तुलना करावी लागते. १९८६ मध्ये अमेरिकेत अशा तुलनेतून दिसले, की साध्या कंबरदुखीत सात दिवसांपेक्षा दोनच दिवस विश्रांती घेणारे लवकर कामावर परततात. १९९५ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात अंथरुणावर पडून राहणारे आणि व्यायाम करणारे या दोघांपेक्षा, झेपेल तेवढी नेहमीची कामे करत राहणारे लवकर बरे झाले. म्हणजे ताज्या दुखण्यात हालते राहणे पुरेसे. दुखणे जुने झाले की व्यायामाची पाळी येते. २०२१ मध्ये २४९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात जुन्या कंबरदुखीत व्यायामाने वेदना कमी होतात असे आढळले. चमत्कार नव्हे, पण उपयोग खराच.

पायात बधिरपणा वाढत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर मात्र वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. एरवी आपल्या घरातही कंबर धरली की पहिला सल्ला मिळतो तो पडून राहण्याचा, दुसरा पट्ट्याचा. केनेडींनी दोन्ही करून पाहिले होते. त्यांना खरा उतार पडला तो व्यायामशाळेतल्या सतरंजीवर, आणि तोही आयुष्याची दोनच वर्षे उरली असताना.