डॉक्टर ग्रेनफेल
इंग्लंडातील ख्रिस्ती वैद्य विल्फ्रेड ग्रेनफेल हे १८९२ साली लॅब्राडोरच्या कोळी लोकांच्या सेवेस गेले. १९०८ साली पुनरुत्थानदिनी सकाळची उपासना संपताच साठ मैलांवरून निरोप आला की, एका मुलाच्या पायाचे दुखणे बळावून त्याचा जीव धोक्यात आहे. डॉक्टर तत्काळ कुत्र्यांच्या घसरगाडीने निघाले. वाटेत गोठलेल्या खाडीवरचा बर्फ वाऱ्याने फुटला व ते एका हिमखंडावर समुद्राकडे वाहत चालले. तीन कुत्रे मारून, त्यांची कातडी पांघरून त्यांनी रात्र काढिली. सकाळी कोळ्यांनी जिवावर उदार होऊन होडी घातली व त्यांस वाचविले. पुढे बर्फ हटताच त्या मुलास होडीने दवाखान्यात आणिले व त्यास गुण आला.

प्रियहो, पावसाळ्यात आपल्याही वाटा बंद होतात. तळमळणाऱ्या शेजाऱ्याची डोली उचलणे ही प्रभूचीच सेवा होय, असे आम्ही मानितो.