बागेचे नाव आणि बाबांचे जीवन

आमच्या वसाहतीतील बागेस संत गाडगेबाबांचे नाव द्यावे असा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा दोन तट पडले. काही भगिनींचे म्हणणे असे की, अमरावतीत गाडगेनगर आहे, 2005 साली विद्यापीठासही त्यांचेच नाव मिळाले, मग आणखी एक पाटी कशाला? उलट पक्ष म्हणे, ज्या बागेत आपली मुले खेळतात, तेथेच हे नाव हवे. वाद पुष्कळ झाला. त्यात बाबांच्या आयुष्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हे चार शब्द.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, आपल्याच जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीकडील शेंडगाव येथे, परिटाच्या घरी. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापुराजवळच्या दापुऱ्यास भावाकडे आली. डेबूजी मामाची गुरे राखी, वावरात राबे. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, अंगठा उठवणाऱ्या माणसाला सही करणारा माणूस सहज बुडवतो. मुलांना शिकवा हा आग्रह बाबांनी जन्मभर धरला, त्याचे मूळ मला तरी या सावकाराच्या वहीतच दिसते.

1892 साली कुंताबाईंशी विवाह झाला. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंना दारू व मटण देण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. लोक रागावले, पण बेत बदलला नाही. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण भावकीला दुखवून त्याच गावात राहणे काय असते, हे खेड्यात नांदलेल्या भगिनी जाणतात.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती गाडगे आणि काठी, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच. त्या गाडग्यातच भाकर खायची, त्यातच पाणी प्यायचे. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की प्रथम खराटा हाती घ्यायचा. दिवसभर रस्ते व गटारे झाडून रात्री त्याच लोकांपुढे कीर्तनाला उभे राहायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे आपल्या वऱ्हाडी बोलीतले प्रश्नोत्तर. ते प्रश्न विचारीत, समोरचे शेतकरी उत्तरे देत, आणि देता देता आपल्याच मूर्खपणावर हसत. कर्ज काढून लग्न करू नका, देवापुढे बकरे कापू नका, अस्पृश्यता पाळू नका, घरची भांडी विकावी लागली तरी पोरांना शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश असे. पाया पडायला कोणी वाकले तर काठी उगारीत.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलातून नदीत उतरत. तेथे बाबांनी घाट बांधवला. मूर्तिजापूरला गोरक्षण उभे राहिले. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत रुग्णालयाच्या दारात उघड्यावर पडणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठीही त्यांनी आसरा केला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा झाले, पण स्वतःसाठी त्यांनी छप्पर बांधले नाही, आणि घरच्यांचा या संस्थांवर काडीचाही हक्क ठेवला नाही.

येथे मी थोडी अडखळते. एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली तेव्हा बाबा कीर्तनात होते, आणि कीर्तन थांबले नाही, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. पण ती वार्ता कुंताबाईंनी कशी सोसली असेल? नवरा घर सोडून गेला तेव्हा पदरी लहान मुले आणि घरी सासू. पुढे नवरा महाराज झाला, गावोगाव जयजयकार झाला, तरी धर्मशाळेतील सुखाचा घास त्यांच्या ताटात आला नाही. बाबांचा नियम बरोबरच होता. घरच्यांना सूट दिली असती तर इतर लोकांनी हात धुऊन घेतले असते. तरीही त्या नियमाची किंमत बाबांच्या बरोबरीने त्या माउलीने भरली, हे बायकांच्या मंडळाने तरी विसरू नये असे मला वाटते.

डॉ. आंबेडकर 6 डिसेंबर 1956 रोजी गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. घर सोडलेल्या माणसाला मरणही रस्त्यावरच आले. त्यांची समाधी गाडगेनगरात आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी ती पाहिली असेल.

आता बागेविषयी. पाट्यांची संख्या मोजून नाव नाकारणे मला पटत नाही. मात्र नगरपालिकेकडे जाणाऱ्या अर्जात मी एक ओळ वाढवावी म्हणते: बागेस बाबांचे नाव असावे, आणि मुलांच्या झोपाळ्यांच्या कोपऱ्यास कुंताबाईंचे. अर्जाचा कागद सचिव भगिनींकडे आहे. ज्यांना मान्य असेल त्यांनी येत्या गुरुवारच्या भजनापूर्वी सही करावी. सही येत नाही अशा ज्या दोघी-तिघी आजी आपल्यात आहेत, त्यांना घरातल्या नातींनी तोवर निदान नाव लिहायला शिकवावे.